घड्याळाशेजारचे आगंतुक

आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरी बैठकीच्या खोलीत, नाहीतर मुलांच्या टेबलावर एक कॉम्प्युटर असतो. धूळ पुसायची आणि मुलांना "आता बंद कर रे" म्हणून ओरडायचे, एवढाच आपला त्याच्याशी संबंध, असे एके काळी म्हणता आले असते. आता लाइटचे बिल, विम्याचा हप्ता, मुलांचे प्रकल्प, भिशीचा हिशेब, परदेशातल्या नणंदेशी गप्पा, सगळे त्याच पडद्यावर चालते. पण तो हळू चालायला लागला, की आपण घरातल्या पुरुषमंडळींना सांगतो, ते मुलाला सांगतात आणि मुलगा ऐटीत म्हणतो, "जुना झालाय, नवा घ्यायला पाहिजे!"

नवा घेण्याचा विषय निघण्याआधी एक करा. पडद्याच्या खालच्या पट्टीवर, उजव्या कोपऱ्यात घड्याळ असते. त्याच्या शेजारी किती छोटी चित्रे, म्हणजे आयकॉन, बसली आहेत ते मोजा. शेजारीच वर टोक असलेला एक लहानसा बाण असतो, त्यावर क्लिक केले की आणखी काही दिसतील. कुठे ढग, कुठे ढाल, कुठे प्रिंटर, कुठे कसले तरी लाल अक्षर. यांतली आपण स्वतः बोलावलेली किती? बहुतेकींना दोन-तीनच ओळखता येतात. बाकीची मंडळी कधी आली, कुणी आणली, काय करतात, कुणालाच ठाऊक नसते.

ही चित्रे शोभेची नव्हेत. तिथले जवळजवळ प्रत्येक चित्र म्हणजे त्या क्षणी चालू असलेला एक प्रोग्रॅम असतो. आपण काही न करता तो कॉम्प्युटर सुरू होताच आपसूक जागा होतो, थोडी मेमरी खातो, थोडे इंटरनेट खातो आणि अधूनमधून "हे विकत घ्या, ते नवे करा" म्हणून हाक मारतो. ओटीवर दहा माणसे दिवसभर बसून चहा पीत असली, तर स्वयंपाकघरातले काम मागे पडणारच.

ही जागा कसली?

खालची पट्टी आणि तिच्या उजव्या टोकाची ही जागा ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ बरोबर आली. तिचे खरे नाव 'नोटिफिकेशन एरिया', म्हणजे सूचना देण्याची जागा. लोक मात्र तिला 'सिस्टिम ट्रे' म्हणू लागले आणि तेच नाव रूढ झाले. कल्पना चांगली होती. आवाज किती आहे, बॅटरी किती उरली, छपाई चालू आहे का, हे एका नजरेत कळावे. पण रस्त्यावर मोक्याची जागा दिसली की टपऱ्या उभ्या राहतात, तसे इथे झाले. प्रत्येक कंपनीला वाटू लागले, की आपले चित्र इथे चोवीस तास दिसले पाहिजे. गर्दी इतकी वाढली, की २००९ च्या विंडोज ७ पासून नव्या चित्रांना सरळ त्या बाणाच्या मागे ठेवण्याची पद्धत आली. म्हणजे पसारा गेला नाही, तो पडद्याआड गेला.

आधी ओळख, मग निरोप

दिसेल ते चित्र घाईघाईने काढून टाकू नका. आधी माउसचा बाण चित्रावर नेऊन क्षणभर थांबा, क्लिक करू नका. बहुतेक चित्रे आपले नाव सांगतात. मग राइट क्लिक करा, एक लहानशी यादी उघडते. तीत 'सेटिंग्ज', 'एक्झिट' किंवा 'क्विट' असे शब्द असतात. नावे एका वहीत उतरवून घ्या आणि प्रत्येकापुढे लिहा: कामाचे, बिनकामाचे, माहीत नाही.

काही मंडळी घरचीच असतात. वाय-फाय आणि आवाज ही त्यांतली दोन. पेनड्राइव्ह लावला की दिसणारे चित्र तो सुरक्षित काढण्यासाठी असते; त्यावर क्लिक करून मगच पेनड्राइव्ह ओढावा, नाहीतर फाइल खराब होण्याची भीती. 'ईएनजी' अशी इंग्रजी अक्षरे दिसली तर ती टायपिंगची भाषा सांगतात. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड जोडून घेतला असेल, तर विंडोजची कळ आणि स्पेसबार एकदम दाबून मराठी येते. २०१९ पासून विंडोज १० मध्ये मराठीचा उच्चारानुसारी कीबोर्डही मिळतो. ज्यांना पत्रे, पाककृती, हळदीकुंकवाची आमंत्रणे लिहायची असतात, त्यांनी हे चित्र मुळीच घालवू नये.

ढालीचे चित्र विंडोजच्या स्वतःच्या संरक्षणाचे. त्यावर हिरवी खूण असली तर ठीक, पिवळे उद्गारचिन्ह किंवा लाल फुली असली तर उघडून पाहावे. पांढरा किंवा निळा ढग वनड्राइव्हचा असतो. तो आपल्या फाइली इंटरनेटवर नेऊन ठेवतो. फुकट जागा ५ जीबी. तुमच्या घरी कुणी फोटो तिथे ठेवत असेल तर त्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका. सहलीचे फोटो दिसेनासे झाले तर घरात महाभारत व्हायचे!

मग राहतात ते खरे आगंतुक. प्रिंटरची शाई संपत आली म्हणून सांगणारा. गाणी ऐकण्याचा प्रोग्रॅम, जो मुलीने एकदा घातला आणि विसरली. खेळांचे एक-दोन. आणि कॉम्प्युटरबरोबर आलेला थोड्या दिवसांच्या मुदतीचा अँटिव्हायरस, जो मुदत संपल्यावर रोज भीती घालतो. या शेवटच्याला आपण उगीच घाबरतो. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर आधीपासूनच असतो. मुदत संपलेला बाहेरचा अँटिव्हायरस रीतसर काढला की डिफेंडर आपोआप कामाला लागतो. घर उघडे पडत नाही.

लपवणे, थांबवणे आणि काढणे

गोंधळ होतो तो इथे. या तीन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत.

लपवणे म्हणजे चित्र नजरेआड करणे. खालच्या पट्टीच्या रिकाम्या जागी राइट क्लिक करून 'टास्कबार सेटिंग्ज' उघडा. विंडोज ११ मध्ये 'अदर सिस्टिम ट्रे आयकॉन्स' आणि विंडोज १० मध्ये 'सिलेक्ट विच आयकॉन्स अपीअर ऑन द टास्कबार' असे लिहिलेले सापडेल. तिथे प्रत्येक नावापुढे खटका असतो, तो बंद केला की चित्र बाणामागे जाते. माउसने धरून बाणाकडे ओढले तरी चालते. पण लक्षात घ्या, प्रोग्रॅम चालूच राहतो. हे म्हणजे धुण्याचा ढीग पलंगाखाली सारण्यासारखे. पाहुणे यायच्या वेळी ठीक, रोजचा उपाय नव्हे.

थांबवणे म्हणजे तो सकाळी आपोआप उठणार नाही असे करणे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. 'टास्क मॅनेजर' नावाची खिडकी उघडते. विंडोज १० मध्ये ती लहान दिसली तर 'मोअर डिटेल्स' दाबा. तिथे 'स्टार्टअप' किंवा 'स्टार्टअप अॅप्स' असा भाग आहे. कॉम्प्युटर सुरू होताना कोण कोण जागे होते त्याची ही यादी. शेजारी 'हाय', 'मीडियम', 'लो' असे लिहिलेले असते; 'हाय' म्हणजे सुरुवातीला जास्त वेळ खाणारा. नको त्या नावावर राइट क्लिक करून 'डिसेबल' करा. प्रोग्रॅम जातो कुठे नाही; हवा तेव्हा आपण उघडायचा. नुसते 'एक्झिट' केले, तर तो उद्या पुन्हा हजर होतो, म्हणून हा मार्ग. चुकून भलत्यालाच 'डिसेबल' केले, तर त्याच जागी 'एनेबल' करता येते. तेव्हा घाबरण्यासारखे काही नाही.

काढणे म्हणजे कायमचा निरोप. 'सेटिंग्ज'मध्ये 'अॅप्स', त्यात 'इन्स्टॉल्ड अॅप्स', जुन्या विंडोजमध्ये 'अॅप्स अँड फीचर्स'. तिथे नाव शोधून 'अनइन्स्टॉल'. डेस्कटॉपवरचे चित्र उचलून कचऱ्याच्या टोपलीत टाकले म्हणजे प्रोग्रॅम गेला, असे पुष्कळांना वाटते. तो गेलेला नसतो, फक्त दारावरची पाटी काढलेली असते.

नवशिक्या मैत्रिणींनी क्रम असा ठेवावा: आधी थांबवा, आठवडाभर वाट पाहा, कुणाची तक्रार आली नाही तर काढा. जुने लोणचे टाकण्याआधी आपण सासूबाईंना विचारतोच ना, तसेच हे. आणि एका दिवसात एक-दोनच थांबवा. दहा एकदम थांबवले आणि प्रिंटर बंद पडला, तर कशामुळे ते कळायचे नाही.

गेलेल्यांची सावली

कधीकधी एखादा प्रोग्रॅम बंद पडलेला असतो, पण त्याचे चित्र तिथेच दिसते. माउस त्यावर नेला, की पटकन नाहीसे होते. मुले याला 'भूत' म्हणतात. भूत वगैरे काही नाही. प्रोग्रॅम अचानक कोलमडला, त्यामुळे जाताना "माझे चित्र काढा" हे विंडोजला सांगायचे राहून गेले. माउस वर गेला की विंडोज चौकशी करते, घरात कुणीच नाही असे कळते आणि पाटी काढून टाकते.

तसेच काढून टाकलेल्या प्रोग्रॅमची नावे सेटिंग्जच्या यादीत बरेच दिवस राहू शकतात. त्यांच्याने काही बिघडत नाही. ती पुसण्यासाठी विंडोजच्या 'रजिस्ट्री'त हात घालण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो न मानलेला बरा. तिथली एक ओळ चुकली तर सगळा कॉम्प्युटर अडून बसतो.

कधी उलटेच होते. मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेत एकदा तास सुरू व्हायच्या वेळी आवाजाचे चित्रच गायब. मुले वाट पाहत बसलेली, आणि शिपाईदादा "दुकानातून माणूस बोलवू का बाई?" म्हणून दारात उभे. टास्क मॅनेजर उघडायचा, यादीत 'विंडोज एक्सप्लोरर' शोधायचा, त्यावर राइट क्लिक करून 'रीस्टार्ट' म्हणायचे. पडदा क्षणभर लुकलुकतो, खालची पट्टी जाते आणि परत येते. चित्र आले आणि तास वेळेवर सुरू झाला. दुकानातल्या माणसाचा फेरा वाचला तो वेगळाच.

हे येतात कुठून?

आपल्याच हाताने येतात! एखादा फुकट प्रोग्रॅम घेताना समोर एकामागून एक पाट्या येतात आणि आपण 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत जातो. त्यांतल्या एखादीवर बारीक अक्षरांत 'हेही सोबत घ्या' असे लिहून आधीच बरोबरची खूण केलेली असते. भाजीवाल्याने न विचारता पिशवीत घातलेली कोथिंबीर फुकट असते, ही नसते. तेव्हा प्रत्येक पाटी वाचा, 'कस्टम' असा पर्याय असेल तर तो घ्या आणि नको त्या खुणा काढा. प्रोग्रॅम नेहमी तो तयार करणाऱ्या कंपनीच्याच ठिकाणाहून किंवा मायक्रोसॉफ्टच्या दुकानातून घ्यावा.

दुसरी वाट ब्राउझरची. एखाद्या ठिकाणी पाककृती वाचायला जावे, तर वर पाटी येते, 'सूचना पाठवू का?' घाईत आपण 'अलाऊ' दाबतो. पुढे घड्याळाच्या वर जाहिराती टपकू लागतात, आणि कधी 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले' अशी बातमीसुद्धा. हा व्हायरस नसतो, नको त्याला दिलेली परवानगी असते. क्रोममध्ये 'सेटिंग्ज', 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'साइट सेटिंग्ज', 'नोटिफिकेशन्स' असे जाऊन ती काढून घ्या. तिथेच सेटिंग्जच्या 'सिस्टिम' भागात क्रोम बंद केल्यावरही मागे अॅप्स चालू ठेवण्याचा खटका आहे. क्रोमचे चित्र घड्याळाशेजारी उगीच बसत असेल, तर तोही बंद करा.

फुली म्हणजे नकारच असे नाही

लहान कंपन्याच असे वागतात असे समजू नका. २०१५ च्या जून महिन्यात विंडोज ७ आणि ८.१ वापरणाऱ्या लोकांच्या घड्याळाशेजारी अचानक एक पांढऱ्या खिडकीचे चित्र आले. 'विंडोज १० फुकट घ्या' असे ते सांगत होते. लपवले तरी ते पुन्हा येई. २०१६ मध्ये तर त्याची पाटी अशी झाली, की कोपऱ्यातली लाल फुली दाबून ती बंद केली तरी ठरलेल्या वेळी नवे विंडोज चढवायला आपली संमती आहे असेच धरले जाई. लोक चिडले. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका व्यावसायिक महिलेचा कॉम्प्युटर असे नवे विंडोज चढू लागल्यानंतर कामाचा राहिला नाही. ती कोर्टात गेली आणि तिला १०,००० डॉलर मिळाले. फुली दाबली म्हणजे 'होय' समजणे हे फार झाले, असे पुढे कंपनीच्या बड्या अधिकाऱ्यानेही कबूल केले. ती फुकट योजना २९ जुलै २०१६ ला संपली आणि ते चित्रही गेले. त्या विंडोज १० चा नेहमीचा आधारसुद्धा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

यातून आपण एवढेच घ्यायचे, की नुसती फुली दाबून थांबू नका. नको असेल तर कुठे नकार द्यायचा ते शोधा, आणि तो देऊन झाल्यावर पुन्हा एकदा पाहा.

ज्याला खरेच भ्यायचे

आतापर्यंतचे आगंतुक चहाचा खर्च वाढवणारे. आता कपाटाची किल्ली मागणाऱ्याबद्दल.

आमच्या शेजारच्या काकू मसाल्यांच्या ऑर्डरी घेतात, हिशेब कॉम्प्युटरवर ठेवतात, पैसे बँकेत आले का तेही तिथेच पाहतात. त्यांच्याकडे एका दुकानातला मुलगा प्रिंटर बसवायला आला होता. पुढे काही अडले, तर दुकानात बसूनच दुरुस्त करता यावे म्हणून त्याने दुरून कॉम्प्युटर चालवण्याचा प्रोग्रॅम घातला. काम झाले, मुलगा गेला, चित्र मात्र बाणामागे तसेच राहिले. महिन्याभराने एका दुपारी काकू हिशेब करत असताना माउसचा बाण आपोआप हलू लागला, फाइली उघडू लागला. काकूंनी सरळ भिंतीवरचे बटण बंद केले. दुकानात विचारले तर उत्तर आले, "अहो, सगळं नीट चाललंय ना एवढंच बघत होतो." त्याने काही नेले असे मी म्हणत नाही, पैसाही गेला नाही. पण विचारल्याशिवाय, आपली बँकेची पाने उघडी असताना कुणी घरात यावे? काकू मला म्हणाल्या, "दाराला दोन कड्या लावते गं मी, आणि हे दार उघडंच!"

एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारखे प्रोग्रॅम मुळात चांगल्या कामाचे आहेत. पण अशा प्रोग्रॅममध्ये एकदा पासवर्ड ठरवून ठेवला, की आपण 'हो' न म्हणताही पलीकडचा माणूस आत येऊ शकतो. ठगांना हे पक्के ठाऊक आहे. एनीडेस्कच्या साह्याने लोकांच्या खात्यांतून पैसे काढले जातात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना दिला होता. घड्याळाजवळ किंवा सगळ्या पडद्यावर 'व्हायरस आला, या नंबरवर फोन करा' असे येते, आपण फोन करतो आणि गोड बोलून तो माणूस हाच प्रोग्रॅम घालायला लावतो. एक खूण पक्की लक्षात ठेवा: मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीही नसतो. नंबर दिसला की ती पाटी खोटी. ऑल्ट आणि एफ-४ दाबून ती बंद करा.

दुरुस्तीवाल्याने असा प्रोग्रॅम घातलाच, तर काम होईपर्यंत शेजारी बसा आणि तो जाण्यापूर्वी त्याच्यासमोर अनइन्स्टॉल करवून घ्या. यात संकोच कसला? गवंडी गेल्यावर आपण शिडी आत घेतोच की. न घातलेला असा प्रोग्रॅम सापडला, तर आधी इंटरनेट बंद करा, मग तो काढा आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. पैसे गेल्याचे दिसले, तर लाजू नका, घरच्यांपासून लपवू नका. बँकेला कळवा आणि लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढे सरकण्याआधी अडवायचे असतील तर इथे तासातासाला महत्त्व असते. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी ठिकाणीही तक्रार नोंदवता येते.

महिन्यातून पंधरा मिनिटे

डबे घासून उन्हात ठेवतो, वाणसामानाची यादी करतो, तसे महिन्यातून एकदा वही घेऊन कॉम्प्युटरपुढे बसा. बाणामागची चित्रे मोजा, मागच्या महिन्याच्या यादीशी ताडून पाहा. नवे नाव दिसले, तर "हे कुणी घातलं?" असे जेवणाच्या वेळी सर्वांसमक्ष विचारा. मालक सापडला तर ठीक, नाही सापडला तर आधी थांबवा आणि मग काढा. स्टार्टअपच्या यादीवरही एक नजर टाका.

यासाठी इंजिनियर असावे लागत नाही, मीही बी. ए.च आहे. आपल्या घरात कोण येते-जाते यावर जिची नजर असते, तिला हे काम मुळीच अवघड नाही. मुले सुरुवातीला हसतील. दुसऱ्या महिन्यात कॉम्प्युटर लवकर सुरू होऊ लागला, की तीच विचारतील, "आई, तू काय केलंस?" तेव्हा वही त्यांच्यापुढे ठेवा आणि पुढच्या महिन्याची पाळी त्यांच्याकडे द्या.